अमिगा ५०० : अमिगाबेसिकमधून माउसचं उजवं आणि मधलं बटण कसं ओळखायचं?

रेघोट्या_५०० :

मंडळी, मशीन अमिगा ५०० (कमोडोरचा जुना घरगुती संगणक), किकस्टार्ट (रॉममधली सिस्टीम) १.३, भाषा अमिगाबेसिक. चित्र काढायचा छोटा प्रोग्रॅम आहे. डाव्या बटणाने रेघ ओढायची, उजव्याने खोडायचं, मधल्याने रंग बदलायचा, असा बेत.

डावं बटण माउस(०) ने नीट मिळतं. उजव्याचं माउस(०) ला काही कळतच नाही. वर उजवं दाबलं की बेसिकचे मेनू उतरतात, आणि बटण सोडेपर्यंत खिडकीतलं चित्र थिजून राहतं.

मग थेट हार्डवेअरचा पत्ता वाचून पाहिला : पीकडब्ल्यू(१४६७५९९०). उजवं बटण दाबलं की १०२४ चा बिट शून्य होतो, म्हणजे ते सापडलं. मधल्याचा २५६ चा बिट मात्र बटणाला हात न लावताही कधी शून्य, कधी एक. माउस तीन बटणांचाच आहे.

तर मेनू कसे थांबवायचे, आणि मधल्या बटणाचा बिट असा का नाचतो? असेंब्लीत जायची तयारी आहे, पण शक्यतो बेसिकमध्येच भागवायचंय.

---

पॉलाचा_शेजारी :

आधी मधलं बटण, कारण तिथलं गणित कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

अमिगाच्या माउसची तिन्ही बटणं एकाच चिपवर येत नाहीत. डावं बटण ६ नंबरच्या पिनवरून सीआयए (इनपुट-आउटपुट सांभाळणाऱ्या) चिपकडे जातं. ती साधी डिजिटल ओळ आहे : पत्ता १२५७४७२१, बिटाची किंमत ६४, दाबलं की शून्य. उजवं (पिन ९) आणि मधलं (पिन ५) मात्र पॉला चिपच्या पॉट ओळींवर आहेत. या ओळी मुळात पॅडलसाठी, म्हणजे फिरवायच्या पोटेन्शिओमीटरसाठी ठेवलेल्या. कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजून पॅडल कुठे आहे ते ठरवायचं, अशी ती योजना. म्हणून या ओळींवर मदरबोर्डवरच कपॅसिटर बसवलेले असतात आणि ओळ वर खेचून ठेवणारं काही नसतं. अशी ओळ मोकळी सोडली की ती लोंबकळते. तुमचा नाचणारा बिट तो हाच.

उपाय असा की पॉलालाच ती ओळ वर धरायला सांगायचं. बटण दाबलं की ते ओळ जमिनीला टेकवतं आणि बिट शून्य होतो. सांगायचा पत्ता वाचायच्या पत्त्याहून वेगळा आहे : वाचायचा १४६७५९९०, लिहायचा १४६७६०२०. दर पिनसाठी दोन बिट असतात, एक ‘ही ओळ आउटपुट कर’ आणि दुसरा ‘तिच्यावर १ ठेव’. माउसच्या पोर्टसाठी :

मधलं (पिन ५) : ५१२ + २५६
उजवं (पिन ९) : २०४८ + १०२४
बेरीज : ३८४०

म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला

पोकडब्ल्यू १४६७६०२०&, ३८४०

(बेसिकचे शब्द इथे देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमनमध्ये. पीक म्हणजे पत्ता वाचणं, पोक म्हणजे त्यावर लिहिणं.) पत्त्यामागचं & चिन्ह विसरू नका. त्याने आकडा लाँग इंटिजर म्हणून घेतला जातो, दशांशाच्या भानगडीत पडत नाही. आणि सगळ्यांत खालचा बिट शून्यच राहू द्या, त्याने पॅडलची मोजणी सुरू होते.

लिहिल्या लिहिल्या वाचू नका. कपॅसिटरमुळे ओळ बदलायला ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. पाल (टीव्हीची पद्धत) पडद्याची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे जवळजवळ पाच ओळी निघून जातात. बेसिकमध्ये ही अडचण सहसा जाणवत नाही, कारण बेसिक तसंही निवांत चालतं. पण सवय म्हणून फेरीच्या शेवटी लिहा आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला वाचा.

आता मेनू. उजवं बटण इंट्यूशन (खिडक्या आणि मेनू सांभाळणारा सिस्टीमचा भाग) स्वतःकडे ठेवतं, कारण अमिगावर ते मेनूचं बटण. मेनू उतरलेले असताना पडद्याचे थर कुलूपबंद असतात, त्यामुळे तुमचा प्रोग्रॅम रेघ काढायला गेला की तिथेच ताटकळतो. हा बेसिकचा दोष नव्हे. मेनू रिकामे करूनही उपयोग नाही, बटण तरीही इंट्यूशनच खातं. खिडकीचा आरएमबीट्रॅप नावाचा झेंडा (फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण) लावला की त्या खिडकीपुरतं हे थांबतं. बेसिकला तो झेंडा थेट माहीत नाही, पण विंडो(७) खिडकीच्या रचनेचा पत्ता देतं. झेंड्यांचे चार बाइट त्या पत्त्यापासून २४ व्या जागी सुरू होतात आणि आपल्याला हवा तो २५ व्या बाइटचा सर्वांत खालचा बिट :

ख& = विंडो(७)
पोक ख&+२५, पीक(ख&+२५) ऑर १

त्या बाइटमध्ये खिडकीचे दुसरेही झेंडे आहेत, म्हणून ऑर. सरळ १ लिहिलंत तर तेही पुसले जातील. बाहेर पडताना त्याच बाइटला अँड २५४ करून झेंडा काढा.

एक धोका लक्षात असू द्या. झेंडा लावल्यावर माउसने मेनूतून प्रोग्रॅम थांबवता येत नाही. कंट्रोल-सी चालतं का हे झेंडा लावण्याआधीच बघून ठेवा, नाहीतर पहिल्याच चुकीला मशीन रीसेट करायची पाळी. आणि चालवण्याआधी सेव्ह.

मुख्य फेरी साधारण अशी :

फेरी:
ब& = पीकडब्ल्यू(१४६७५९९०&)
उजवं = ((ब& अँड १०२४) = ०)
मधलं = ((ब& अँड २५६) = ०)
इफ उजवं देन गोसब खोडा
इफ मधलं अँड नॉट जुनंमधलं देन गोसब रंगबदल
जुनंमधलं = मधलं
पोकडब्ल्यू १४६७६०२०&, ३८४०
गोटू फेरी

जुनंमधलं नसेल तर मधलं बटण एकदा दाबताच रंग दहा वेळा बदलेल. कंसांतल्या तुलनेचं उत्तर खरं असेल तर उणे १ येतं, १ नाही. त्यामुळे ‘इफ मधलं = १’ असं लिहून तासभर डोकं खाजवत बसू नका.

डाव्यासाठी माउस(०) च ठेवा. ते क्लिक, डबलक्लिक, धरून ठेवलेलं बटण (तेव्हा आकडा उणे येतो) हे सगळं ओळखतं. आणि माउस(१), माउस(२) मधली जागा माउस(०) हाक मारल्यावरच ताजी होते, म्हणून फेरीत ती हाक लागेलच.

---

बिट_मोजणारा :

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टींची भर आणि एक इशारा.

१४६७६०२० हे रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) फक्त लिहायचं आहे. त्यात आत्ता काय आहे ते वाचता येत नाही, त्यामुळे ‘माझे दोन बिट बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो’ हा मार्ग तिथे बंद. ३८४० लिहिलंत की दुसऱ्या पोर्टचे वरचे चारही बिट शून्य होतात. दुसऱ्या पोर्टात दोन बटणांची जॉयस्टिक असेल तर तिचं दुसरं बटण मेलं म्हणून समजा. तीही हवी असेल तर आठही बिट लावा : ६५२८०, किंवा बेसिकला एवढा आकडा पचला नाही तर उणे २५६, शब्द (म्हणजे १६ बिटांचा आकडा) तोच. दुसऱ्या पोर्टचं पिन ९ वाचताना १६३८४ चा बिट, पिन ५ ला ४०९६ चा.

पोर्टांच्या नावांचा घोळही इथेच सांगून टाकतो. डब्यावर १ आणि २ छापलेलं असतं, रजिस्टरांच्या भाषेत तेच ० आणि १. ‘पोर्ट १ चं बटण’ असं कुठे वाचलंत की लिहिणाऱ्याने डबा बघून लिहिलंय की कागद बघून, ते आधी ठरवा.

दुसरं, हे रजिस्टर एकट्या तुमचं नाही. सिस्टीममध्ये त्याचा एक कारभारी आहे, पॉटगो डॉट रिसोर्स. शेवटचा लिहिलेला शब्द तो स्वतःकडे जपून ठेवतो आणि कोणाला कुठले बिट दिलेत त्याचा हिशेब ठेवतो. उजव्या बटणाचे बिट सिस्टीमने आधीच तयार ठेवलेले असतात, म्हणून ते तुम्हाला काहीही न करता मिळालं. दुसऱ्या कोणत्या प्रोग्रॅमने कारभाऱ्यामार्फत काही लिहिलं, की तुमचे बिट त्याच्या नोंदीत नसल्यामुळे पुसले जातात. पॉलाचा_शेजारी यांनी दर फेरीत पोक परत करायला लावलाय तो म्हणूनच कामाचा. बेसिकच्या लायब्ररी आज्ञेने रिसोर्स उघडता येत नाही, त्यामुळे बेसिकमध्ये इतकंच शक्य.

सीमध्ये लिहायचं ठरवलंत तर ओपनरिसोर्सने पत्ता घ्या, अ‍ॅलॉकपॉटबिट्सला ७६८ द्या (मधल्या बटणाचे दोन बिट). परत आलेला आकडा ७६८ च असला तर बिट तुमचे. कमी आला तर ते कोणीतरी आधीच घेतलेत. मिळाले तेवढे परत करा आणि गप्प बाहेर पडा. मग राइटपॉटगोला शब्द ७६८ आणि मास्क (कुठले बिट बदलायचे ते) ७६८. शेवटी फ्रीपॉटबिट्स. ते विसरलात तर पुढच्या वेळी तुमच्याच प्रोग्रॅमला नकार मिळेल, रीसेट करेपर्यंत.

पण सीमध्ये जाणारच असाल तर आधी इंट्यूशनला विचारून बघा. खिडकीला माउसबटन्सचे संदेश मागितले की डावं १०४, उजवं १०५, मधलं १०६ असे कोड येतात, आणि सोडल्यावर त्यांतच १२८ मिळवून २३२, २३३, २३४. उजव्यासाठी तोच आरएमबीट्रॅप लागतो. चाकाचे माउस न्यूमाउस पद्धतीने चालवणारे ड्रायव्हर चाक कळफलकाच्या कोडांतून पाठवतात : वर १२२, खाली १२३, डावीकडे १२४, उजवीकडे १२५, आणि चौथं बटण १२६. ते रॉकीच्या (म्हणजे कळफलकाच्या कच्च्या कोडांच्या) संदेशांत शोधा, माउसबटन्समध्ये नाही. चाकासाठी रजिस्टरात बिट शोधणारे लोक दर महिन्याला भेटतात. तो बिट नाहीच.

इशारा असेंब्लीवाल्यांसाठी. जुन्या लिस्टिंगमध्ये बीटीएसटी (बिट तपासायची आज्ञा) #१० थेट १४६७५९९० वर केलेलं दिसतं आणि ते चालतंही, पण लोकांना वाटतं त्या कारणाने नाही. ६८००० (अमिगाचा प्रोसेसर) मेमरीवर बीटीएसटी करताना एकच बाइट वाचतो आणि बिटाचा आकडा ८ ने भागून बाकी घेतो. १० ची बाकी २, आणि सम पत्त्यावर शब्दाचा वरचा बाइट असतो, म्हणून त्यातला बिट २ हा शब्दाचा बिट १० च निघतो. मधल्यासाठी #८ म्हणजे बिट ० हेही तसंच जमतं. पण याच तर्काने कोणी १४६७५९९१ वर गेला की भलताच बाइट हाती येतो. शब्द आधी डेटा रजिस्टरात घेतलात तर तिथे #१० खरोखरच १० असतो. यातली एक पद्धत धरा, मिसळ करू नका.

आणि १२५७४७२१ वर काहीही लिहू नका, वाचा फक्त. तिथला सर्वांत खालचा बिट खालच्या मेमरीवर रॉम आणतो. तो चुकून १ झाला तर प्रोग्रॅमच काय, सगळं मशीन जागच्या जागी झोपतं. त्याच्या वरचा बिट पॉवरचा दिवा आणि आवाजाचा फिल्टर सांभाळतो.

---

रेघोट्या_५०० :

झेंडा लावला, मेनू बंद. खोडणं झकास चाललंय. कंट्रोल-सी आधीच तपासलं, त्याबद्दल आभार.

मधलं बटण मात्र अजून अर्धवटच. ३८४० लिहिल्यापासून बिट नाचायचा थांबला, पण खऱ्या मशीनवर तो कायम १, बटण दाबलं तरी. एम्युलेटरमध्ये (दुसऱ्या संगणकावर अमिगाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मधलं दाबलं की अमिगाला काही कळायच्या आत माउस खिडकीतून बाहेर निसटतो. म्हणजे चूक प्रोग्रॅमची की माउसची तेच ठरत नाहीये.

---

डागडुजी_नऊपिन :

या दोन्ही वेगवेगळ्या भानगडी आहेत.

एम्युलेटरची सोपी. बऱ्याच एम्युलेटरांत मधली क्लिक म्हणजे ‘माउस सोड’ अशी सोय मुळातच लावलेली असते. सेटिंगमध्ये ती बंद करा, मग क्लिक आत पोचेल. एक ध्यानात ठेवा : एम्युलेटरात चाललं म्हणजे खऱ्या मशीनवर चालेल असं इथे धरू नका. कपॅसिटर भरायचा वेळ आणि लोंबकळणारी ओळ प्रत्येक एम्युलेटर हुबेहूब दाखवेलच असं नाही.

खऱ्या मशीनवर बिट आता ठाम १ आहे, म्हणजे तुमचा पोक काम करतोय. ओळ वर धरली जातेय, पण तिला खाली ओढणारं कोणी नाही. आता माउस तपासा. मशीन बंद करा, मग माउस काढा. चालू मशीनमध्ये या पोर्टांची काढघाल करू नका, सीआयए चिप जायची ती अशीच जाते.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. माउसच्या कनेक्टरकडे तोंड करून बघितलंत तर भोकांची वरची ओळ पाचांची, खालची चारांची. आकडे बहुतेक वेळा प्लास्टिकवर बारीक छापलेले असतात, ते भिंगाने वाचून घ्या, अंदाजाने मोजू नका, कारण माउसच्या बाजूने आणि मशीनच्या बाजूने क्रम आरशासारखा उलटतो. एक टोक ८ वर (जमीन), दुसरं ६ वर, डावं बटण दाबा : बीप. ८ आणि ९, उजवं दाबा : बीप. ८ आणि ५, मधलं दाबा. इथे शांतता असेल तर दोनच शक्यता.

पहिली, केबलमध्ये पिन ५ ची तारच नाही. दोन बटणांच्या माउसला आठ तारा पुरतात : हालचालीच्या चार, बटणांच्या दोन, पाच व्होल्ट आणि जमीन. मधल्या बटणाला नववी लागते. माउस उघडा, केबल बोर्डाला जिथे लागते तिथल्या तारा मोजा. आठच असतील तर बटण कितीही कडकड वाजलं तरी उपयोग शून्य. नऊ तारांची केबल बदलून घाला, किंवा पिन ५ साठी एक बारीक तार वेगळी ओढा. स्विचचं एक टोक त्या तारेला, दुसरं जमिनीला. रेझिस्टर वगैरे काही नको.

दुसरी शक्यता, माउस मुळात अटारी एसटीचा. एसटीच्या आणि अमिगाच्या माउसमध्ये ६ आणि ९ वरची बटणं सारखीच, पण हालचालीच्या तारांचा क्रम वेगळा. खूण सोपी : बटणं बरोबर, पण पॉइंटर सरळ चालायचा सोडून भलतीकडेच धावतो. काही माउसना खाली या दोघांत बदलायची सरकपट्टी असते, ती बघा.

आणखी एक गोष्ट, आजचा माउस अडॅप्टर लावून वापरत असाल तर. अडॅप्टरमधल्या मायक्रोकंट्रोलरने पिन ५ आणि ९ कधीही वर ढकलू नयेत. बटण सुटलेलं असताना पिन इनपुट ठेवायचा, दाबल्यावर आउटपुट करून शून्य. घरी केलेल्या बऱ्याच अडॅप्टरांत पिन कायम आउटपुट ठेवून एक-शून्य केलेलं असतं. तोच पॉट पिन दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने खाली ओढला की पॉला आणि अडॅप्टर समोरासमोर रेटारेटी करतात. सीडी३२ (अमिगाचं गेम कन्सोल) चा पॅड वाचणारे प्रोग्रॅम पिन ५ मुद्दाम खाली ओढतात, तेव्हा हे नक्की होतं. कोडमध्ये दोन ओळींचा बदल आहे, करून टाका.

---

रेघोट्या_५०० :

आठ तारा. उघडून मोजल्या. मधल्या बटणाचा स्विच बोर्डावर आहे, त्याची वाट कनेक्टरच्या जागेपर्यंत येते, आणि तिथे तारेचं भोक रिकामं. नववी तार ओढतो.

---

चौसष्टवाला :

धागा अमिगाचा आहे, पण इथेच विचारतो. कमोडोर ६४ ला १३५१ माउस आहे. तिथेही बटणांसाठी पॉटचे पत्ते वाचायचे का? बेसिकमध्ये उजवं बटण दाबलं की पडद्यावर १ हा आकडा उमटतो, हे काय प्रकरण?

---

पॉलाचा_शेजारी :

तिथे नेमकं उलटं आहे. अमिगात हालचाल डिजिटल ओळींवर येते, म्हणून दोन बटणं पॉटवर गेली. १३५१ मध्ये हालचालच पॉटवर आहे (५४२९७ आणि ५४२९८, सिड या आवाजाच्या चिपमधून), म्हणून बटणं जॉयस्टिकच्या ओळींवर आली. डावं म्हणजे फायर, उजवं म्हणजे जॉयस्टिक वर. पोर्ट १ मध्ये :

डावं : (पीक(५६३२१) अँड १६) = ०
उजवं : (पीक(५६३२१) अँड १) = ०

इथे पोक नको, थांबणं नको. चाकाच्या माउसला मायक्रोमिस अडॅप्टर लावलेला असेल तर मधलं बटण जॉयस्टिक खाली म्हणून येतं, म्हणजे अँड २.

१ उमटतो कारण ५६३२१ याच पत्त्यावर कळफलकही वाचला जातो. पोर्ट १ ची दिशा आणि एखादी कळ यांत सिस्टीमला फरक करता येत नाही : वर म्हणजे १, खाली म्हणजे डावा बाण, फायर म्हणजे स्पेस. प्रोग्रॅम चालू असताना दर फेरीला पोक १९८,० करून कळफलकाची रांग रिकामी करत राहा, नाहीतर प्रोग्रॅम संपल्यावर सगळे साठलेले १ आणि स्पेस एकदम बेसिकच्या ‘रेडी’ या सूचनेखाली ओततील.

पोर्ट २ मध्ये लावला तर अक्षरं उमटत नाहीत आणि बटणं ५६३२० वर त्याच बिटांत मिळतात. पण मग हालचाल गेली, कारण सिडचे पॉट नेहमी पोर्ट १ कडे वळवलेले असतात. पोर्ट २ कडे वळवायचे तर इंटरप्ट थांबवून ५६३२० वर १२८ लिहायचं आणि ५१२ सायकलांहून जास्त थांबून मग वाचायचं, ते बेसिकमधून जमत नाही. म्हणून माउस पोर्ट १ मध्येच ठेवा आणि १९८ चा पोक सोसा.

आणि १३५१ हलतच नसेल, झटके देत एकाच वेगाने सरकत असेल, तर मशीन चालू करताना उजवं बटण दाबलेलं राहिलंय. त्याने माउस जॉयस्टिक बनतो आणि उजवं बटण पॉटवर जातं, ५४२९७ चा आकडा १२८ च्या खाली आला की दाबलेलं. बंद करून परत चालू करा, बोट बाजूला ठेवून.